मामेभावाची २०१२ ची सेडान: दीड वर्षाची वही, सगळ्या बिलांसकट

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण महिन्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, दादा अडीच लाखात जुनी सेडान मिळतेय, घेऊ का? आणि मी दरवेळी अर्धा तास तेच तेच सांगत बसतो. म्हणून यावेळी एकाच गाडीचं पूर्ण प्रकरण लिहितोय, घेतल्या दिवसापासून, बिलांच्या आकड्यांसकट. ज्याला घ्यायचीय त्याने वाचावं आणि आपलं आपण ठरवावं.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी मिस्त्री नाही. पण ११ वर्षं पुण्यातल्या नाना पेठेत स्पेअर पार्टच्या काउंटरवर काढलीत, त्यामुळे कुठल्या गाडीचा कुठला पार्ट किती किलोमीटरला मागायला लोक येतात आणि कुठला लोकल पार्ट सहा महिन्यांत परत येतो हे डोळ्याखालून गेलंय. गाडी माझ्या मामेभावाची आहे, मी फक्त वही ठेवली. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव लिहीत नाही कारण यातला एकही प्रॉब्लेम गाडी बनवणाऱ्याचा नाही, सगळे वयाचे आणि मधल्या लोकांनी केलेल्या हेळसांडीचे आहेत, उगाच नाव जोडलं की वाचणारा म्हणतो हां ती गाडीच तशी. एवढं सांगतो की १५०० सीसी पेट्रोल आहे, चार सिलेंडर, मॅन्युअल गिअर, एप्रिल २०१२ चं रजिस्ट्रेशन, एमएच १२ पासिंग.

नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतली, २ लाख ३५ हजारांना. विकणारा एजंट होता, मूळ मालक भेटलाच नाही. मीटरला ८६,४०० किलोमीटर. बघायला मी बरोबर होतो. सकाळी थंड इंजिनवर स्टार्ट केली, एका सेल्फमध्ये लागली, सायलेन्सरमधून निळा धूर नाही, बॉनेटचे आणि फेंडरचे बोल्ट कंपनी पेंटमध्ये, म्हणजे पुढून मोठा ठोका नाही, डिकीची चटई उचलून स्टेपनीचा खड्डा पण बघितला, तिथे पत्रा कुठे सरळ केलेला दिसत नव्हता. चार किलोमीटर चालवली सपाट रस्त्याला. गिअर मऊ पडत होते. भाऊ खूश होता आणि खरं सांगायचं तर मला पण गाडी आवडली होती.

टायरवरची तारीख मात्र तेव्हाच बघितली. टायरच्या साईडला एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. चारही टायरवर २३१६, म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा, सात वर्षं जुने. नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक होती पण रबर कडक झालेलं, साईडवॉलला बारीक चिरा. ते दाखवून एजंटकडून दहा हजार कमी करून घेतले आणि महिन्याभरात चारही टायर बदलले, १९,२०० रुपये. सात वर्षांच्या टायरवर एक्स्प्रेसवेला माणसं बसवून जायचं नाही, यात मी घासाघीस करत नाही.

आता पहिली सर्व्हिस. घरामागच्या गॅरेजला टाकली. ऑइल १,९००, ऑइल फिल्टर २५०, एअर फिल्टर ४००, एसीचा केबिन फिल्टर ३५०, चार प्लग १,२००, ब्रेक फ्लुइड ४५०, मजुरी ९००. एकूण ५,४५०. मिस्त्रीने एअर फिल्टरची पेटी उघडली आणि जुना फिल्टर बाहेर काढून माझ्या हातात दिला. काळाकुट्ट झालेला, घड्यांमध्ये सुकी पानं आणि एक मेलेला किडा, आणि कडेच्या रबरावर निळ्या मार्करने लिहिलेलं होतं, १,१२,४०० आणि खाली ०८/२१. बरेच मिस्त्री फिल्टर बदलताना असं किलोमीटर लिहून ठेवतात, पुढच्याला कळावं म्हणून. ऑगस्ट २०२१ ला गाडी १ लाख १२ हजार चाललेली होती आणि नोव्हेंबर २०२३ ला मीटर ८६ हजार दाखवत होतं.

भाऊ बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "दादा, म्हणजे फसवलं ना आपल्याला." दुसऱ्या दिवशी एजंटकडे गेलो, तो म्हणाला मीटर आम्हाला असंच आलं, आम्ही हात लावला नाही. व्यवहाराच्या कागदावर किलोमीटर लिहिलेलेच नव्हते, त्यामुळे पुढे काही झालं नाही. वहीत आम्ही अंदाजे १ लाख ३५ हजार धरून सुरुवात केली. यातून एक गोष्ट मी आता प्रत्येकाला सांगतो, टोकन देण्याआधी मालकाकडून चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जुनी हिस्ट्री काढायला लावा, मालकालाच बरोबर घेऊन जा, तो नाही म्हणाला तर ते नाहीच उत्तर समजा. आणि डिलिव्हरीच्या कागदावर मीटरचा आकडा लिहून सही घ्या. मीटर फिरवलं तरी ब्रेक पेडलचं झिजलेलं रबर, स्टेअरिंगची गुळगुळीत झालेली कड, ड्रायव्हर सीटची बसलेली डावी-उजवी बाजू, हे फिरवता येत नाही. आम्ही हे तिन्ही बघितलं होतं आणि स्टेअरिंग गुळगुळीत होतंच, पण ८६ हजाराला एवढं होत असेल अशी स्वतःची समजूत घातली.

त्याच सर्व्हिसमध्ये दुसरी एक गोष्ट घडली जी तेव्हा अगदी किरकोळ वाटली. मिस्त्रीने रेडिएटरचं झाकण उघडून बोट घातलं, बोटाला तांबूस पाणी लागलं. कूलंट नव्हतंच, साधं पाणी होतं, बहुतेक बोअरचं. मी म्हटलं बदलून टाकू, फ्लश करू. तो म्हणाला शेठ आत्ता गरम होत नाहीये ना, मग कशाला छेडता, पाणी चालतं, सिटीत काही होत नाही. त्यादिवशी आधीच ऑइल-टायर-मीटर या सगळ्यात डोकं शिणलं होतं, भावाचा खिसा रिकामा झाला होता, आणि मी आग्रह धरला नाही. या वाक्याकडे परत येतो.

डिसेंबरमध्ये पुढून खडखड सुरू झाली. खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवरून हळू गेलं की टक-टक, वेगात गेलं की आवाज कमी. हे जवळपास प्रत्येक जुन्या सेडानला येतं आणि बरेच जण पहिल्यांदा शॉकर बदलायला जातात, जो सगळ्यात महाग पार्ट आहे. आवाजाचा क्रम उलटा धरायचा. आधी लिंक रॉड (सस्पेन्शनची छोटी जोडदांडी) बघायचा, तो हाताने हलवून कळतो, मग लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा हात) रबरी बुश आणि बॉल जॉइंट, मग शॉकरचं वरचं माउंट, आणि मग शॉकर. आमच्या गाडीत दोन्ही लिंक रॉड ढिले होते आणि दोन्ही लोअर आर्मचे मागचे बुश फाटलेले, ब्रेक मारताना गाडी किंचित डावीकडे ओढायची ती त्यामुळेच. लिंक रॉडची जोडी १,७००, लोअर आर्मची जोडी ६,४००, मजुरी १,८००, अलाइनमेंट बॅलन्सिंग ९००. १०,८०० झाले. शॉकरवर तेल नव्हतं म्हणून ते तसेच ठेवले आणि ते अजून चालू आहेत.

इथे पार्टबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण माझी अकरा वर्षं त्यातच गेलीत. एकाच लोअर आर्मचे तीन भाव असतात. कंपनीच्या डब्यातला आम्हाला ५,४०० सांगितला एक नग. जो कारखाना कंपनीला माल देतो त्याच्या स्वतःच्या डब्यातला ३,२००, बहुतेक वेळा तोच आर्म असतो, फक्त डबा वेगळा. आणि लोकल १,४००. लोकलचं लोखंड ठीक असतं पण रबर खोटं असतं, माझ्या काउंटरवर लोकल आर्म घेतलेलं गिऱ्हाईक आठ-दहा महिन्यांत परत दिसायचं, तोच आवाज घेऊन, आणि मजुरी अलाइनमेंट परत दुसऱ्यांदा. म्हणून मधला घ्यावा. पण थर्मोस्टॅट, हेड गॅस्केट (हेड म्हणजे सिलेंडरवरचा इंजिनचा भाग, त्याच्या खालची सीलची पट्टी), ऑइल सील, सेन्सर, या गोष्टी मात्र कंपनीच्याच डब्यातल्या, कारण यांची किंमत थोडी असते आणि त्या बदलायला लागणारी मजुरी मोठी. आणि मिस्त्रीकडून जुना पार्ट परत मागायचा, प्रत्येक वेळी, न लाजता.

मार्चमध्ये एसी. दुपारी थंडच होईना. पहिल्या दुकानदाराने गॅस भरला, १,८०० घेतले, वीस दिवसांत परत गरम हवा. गाडीचा एसी हा बंद डबा आहे, गॅस संपत नाही, गळतो. कुठून गळतोय ते न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं. दुसऱ्याने नायट्रोजन भरून प्रेशर धरलं, साबणाचं पाणी मारलं आणि रेडिएटरच्या पुढे जी कंडेन्सरची जाळी असते तिच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बुडबुडे आले. तिथे आधीपासून तेलकट डाग होता, धूळ चिकटून काळा झालेला, नीट बघणाऱ्याला तो डोळ्यांनीच दिसला असता. कंडेन्सर ५,२००, गॅस १,७००, मजुरी १,५००. आधीचे १,८०० धरून १०,२००. नशीब कूलिंग कॉइल नव्हती, तिला हात घालायचा तर पूर्ण डॅशबोर्ड खोलावा लागतो आणि एकदा खोललेला डॅशबोर्ड पुन्हा पहिल्यासारखा मुका राहत नाही.

आता मुख्य.

मे २०२४. कराडला लग्न होतं. गाडीत मामा, मामी, भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी, डिकी आहेराने भरलेली, दुपारचा दीड वाजलेला, एसी फुल. शिरवळ खंडाळा गेलं आणि खंबाटकी घाट लागला. साताऱ्याकडे जाताना तेव्हा घाट चढावा लागायचा, येताना बोगदा होता. चढावर पुढे कंटेनर, गाडी दुसऱ्या गिअरवर रांगत होती. आधी एसीची हवा गरम यायला लागली. हे फार महत्त्वाचं लक्षण आहे, बऱ्याच गाड्यांत इंजिन जास्त तापलं की कॉम्प्युटर स्वतःच एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो. भावाला वाटलं परत गॅस गेला, त्याने मामीला खिडकी खाली घ्यायला सांगितली. मग डॅशबोर्डवर लाल थर्मामीटरचा दिवा लागला. या गाडीला तापमानाचा काटाच नाही, थंड असताना निळा दिवा आणि जास्त तापल्यावर लाल, मधलं काही कळत नाही. भावाला वाटलं थोडाच चढ राहिलाय, वर गेल्यावर उतार आहे, तिथे थांबू. अजून साधारण दीड किलोमीटर त्याने चढवली. मग गाडीने ताकद सोडली, बॉनेटमधून वाफ, आणि मला फोन आला.

"दादा, लाल दिवा लागलाय, वाफ येतेय, झाकण उघडू का?"

मी फोनवर ओरडलोच, हात लावू नको झाकणाला. आत दाब असतो, दाबाखाली पाणी १०० ला उकळत नाही, पार १२० च्या आसपास जाऊनही पाणीच राहतं आणि झाकण उघडल्या क्षणी त्याची वाफ होऊन तोंडावर येते. भाजलेली माणसं मी बघितलीत. लाल दिवा लागला की त्याच क्षणी गाडी कडेला, एसी बंद, आणि थांबायला जागाच नसेल तर तेवढ्या शंभर-दोनशे मीटरपुरता हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता गाडीत ओढली जाते. माणसं घामाघूम होतील पण हेड वाचतं. तो दीड किलोमीटर नसता चालवला तर बिल तिसऱ्या हिश्श्यात आटपलं असतं. मी हे भावाला दोष म्हणून सांगत नाही, घाटात मागे हॉर्न वाजत असताना, पोरगी रडत असताना कुणालाही वाटतं की थोडं पुढे नेऊ.

टोइंगने साताऱ्याला नेली, ३,५०० रुपये. घरचे एसटीने लग्नाला गेले. रविवारी मी साताऱ्याला पोचलो. तिथला मिस्त्री वयस्कर, शांत माणूस, त्याने काही बोलायच्या आधी ऑइलचं झाकण उघडून माझ्यासमोर धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा पिवळट पांढरा थर. ऑइलमध्ये पाणी गेलं की ते घुसळून असं होतं. मग कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलेंडरमधला दाब) बघितलं, एक आणि चार नंबरला बरोबर, दोन आणि तीनला कमी, शेजारी-शेजारी दोन सिलेंडर एकदम कमी म्हणजे मधल्या पट्टीवर गॅस्केट गेलं. पण तो म्हणाला थांबा साहेब, गॅस्केट का गेलं ते आधी बघू, नाहीतर नवीन पण जाईल. मला तो माणूस तिथेच आवडला.

त्याने थर्मोस्टॅटचं घर खोललं. आत थर्मोस्टॅटच नव्हता. रिकामी जागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, थर्मोस्टॅट हा आतल्या मेणाच्या कॅप्सूलवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह आहे. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, पाणी इंजिनमध्येच फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. ८० अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सुटतं. गाडी तापायला लागली की आपल्याकडे वर्षानुवर्षं एक उपाय चालत आलाय, थर्मोस्टॅट काढून फेका. मग पाणी कायम रेडिएटरमधून फिरतं आणि सिटीत गाडी तापत नाही, गिऱ्हाईक खूश. पण मूळ रोग, चोक झालेलं रेडिएटर, तसाच राहतो आणि लपतो. इंजिन कायम थंड चालतं म्हणून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतं, ऑइल घाण होतं. आणि ज्या दिवशी खरा लोड येतो, पाच माणसं, एसी, मे महिना, घाट, त्या दिवशी अर्धं बुजलेलं रेडिएटर तेवढी उष्णता बाहेर टाकूच शकत नाही.

आणि खूण आमच्या डोळ्यासमोर होती. भाऊ हिवाळ्यात म्हणाला होता की निळा दिवा विझायला पंधरा-पंधरा मिनिटं लागतात, कधी कधी कात्रजचा उतार उतरताना परत लागतो. चांगल्या गाडीत पुण्याच्या हवेत तो तीन-चार मिनिटांत विझायला पाहिजे आणि परत कधीच लागता कामा नये. मी ऐकलं होतं आणि थंडी आहे म्हणून सोडून दिलं. ॲव्हरेज सिटीत नऊ-साडेनऊ पडत होतं त्याचा पण संबंध आम्ही जोडला नव्हता.

रेडिएटर उलटं धरून पाणी सोडलं तर खालून विटकरी रंगाचा गाळ आला, चहाच्या चोथ्यासारखा, आणि मधल्या निम्म्या नळ्यांतून पाणीच येईना. बोअरच्या पाण्यातला क्षार, भांड्यात साठतो तसा, आणि आतला गंज. कूलंट म्हणजे रंगीत पाणी नाही. त्यात गंज न धरू देणारं केमिकल असतं आणि त्याने उकळायचा बिंदूही वर जातो. वॉटर पंपचं पाणी फेकणारं चाक गंजून कडा खाल्लेलं होतं.

हेड उतरवलं. ॲल्युमिनियमचं हेड, त्यावर स्टीलची सरळ पट्टी ठेवली आणि मिस्त्रीने फट मोजायच्या फीलर गेजची ०.१० मिलिमीटरची पात दोन आणि तीन नंबरच्या मध्ये सरकवली, ती अलगद आत गेली. कागदाएवढी फट. तेवढ्यावर सगळं अडलं होतं. हेड मशीन शॉपला गेलं, प्रेशर टेस्ट केली, क्रॅक नव्हता ही मोठी गोष्ट, नाहीतर दुसरं हेडच शोधावं लागलं असतं. फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट होऊन आलं.

हिशेब असा झाला. टोइंग ३,५००, नवीन रेडिएटर ५,८००, थर्मोस्टॅट ९००, वॉटर पंप २,६००, गॅस्केट किट ४,२००, हेड फेसिंग आणि प्रेशर टेस्ट २,२००, हेडचे नवीन बोल्ट १,४०० (जुने ताणलेले असतात, परत वापरू नयेत), ऑइल आणि फिल्टर २,१५०, कूलंट १,३००, मजुरी ७,५००. एकूण ३१,५५० रुपये.

नोव्हेंबरमध्ये पहिल्याच सर्व्हिसला त्या तांबूस पाण्याचा माग काढला असता तर रेडिएटर, थर्मोस्टॅट, कूलंट आणि दीड हजार मजुरी, सगळं मिळून ९,५०० मध्ये काम झालं असतं. २२ हजारांचा फरक. मी हा फरक वहीत लाल पेनने लिहून ठेवलाय, आणि त्याच्यापुढे माझं नाव लिहिलंय, भावाचं नाही, कारण त्याला यातलं कळत नव्हतं आणि मला कळत होतं.

म्हणून जुनी गाडी बघायला गेल्यावर थंड इंजिनवर, फक्त थंड, रेडिएटरचं झाकण उघडून बघा. हिरवं, गुलाबी, निळं, काहीही रंगाचं स्वच्छ कूलंट असेल तर मालकाने गाडी सांभाळलीय. तांबूस पाणी असेल तर किमतीतून दहा हजार तिथेच वजा करा आणि घेतल्यावर पहिल्या आठवड्यात ते काम करा, सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम नंतर. मग १५-२० किलोमीटर चालवा, ट्रॅफिकमध्ये उभी करा, फॅन लागतोय का ऐका. ७००-८०० रुपयांत ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर मिळतो, स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला की मोबाईलवर पाण्याचं तापमान आकड्यात दिसतं. काटा नसलेल्या गाडीला तर तो पाहिजेच.

क्लच सप्टेंबरमध्ये गेला. चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम वर जायचे पण स्पीड वाढायचा नाही. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट ६,९००, रिलीज बेअरिंग १,१००, गिअर ऑइल ९००, मजुरी ३,५००, आणि गिअरबॉक्स उतरलेलाच होता म्हणून मागचा क्रँक ऑइल सील ४५० चा बदलून घेतला, तो पुढे कधी गळला असता तर फक्त साडेचारशेच्या सीलसाठी परत साडेतीन हजार मजुरी द्यावी लागली असती. १२,८५०. खऱ्या किलोमीटरच्या हिशेबाने क्लचचं वय झालंच होतं, मीटरच्या हिशेबाने नव्हतं, तेव्हा त्या मार्करच्या आकड्याची परत आठवण झाली.

दिवाळीनंतर सिग्नलला एसी चालू असताना स्टेअरिंग थरथरायला लागलं, इंजिनचे दोन माउंट, मजुरी धरून ५,४००. आणि जानेवारीत उंदराने इंजेक्टरच्या वायरी कुरतडल्या, १,५००, आणि बॅटरी ४,३००, पाच वर्षं झालेली होती, अल्टरनेटर तपासला तर १४.१ व्होल्ट देत होता म्हणून तो वाचला. बॅटरी गेली की लोक घाईने अल्टरनेटर पण बदलून टाकतात, आधी मल्टिमीटर लावा, इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या मधे असेल तर तो ठीक आहे.

मे २०२५ पर्यंत, दीड वर्षात, साडेसतरा हजार किलोमीटरला रिपेअरिंग आणि टायर मिळून १ लाख १ हजार २५० रुपये. गाडीच्या किमतीच्या ४३ टक्के. किलोमीटरला पावणेसहा रुपयांच्या आसपास, पेट्रोल सोडून. ऐकायला खूप वाटतं, पण यातली टायर, रेडिएटर, हेड, क्लच, सस्पेन्शन ही कामं वर्षानुवर्षं परत निघणारी नाहीत. ज्याच्याकडे २ लाख ३५ हजार आहेत त्याने २ लाख ३५ हजारांची गाडी घेऊ नये, दीड लाखाची घ्यावी आणि बाकीचे हातात ठेवावेत, हे मात्र मी आता ठामपणे सांगतो. कर्ज काढून जुनी गाडी तर अजिबात नको, हप्ता आणि क्लच एकाच महिन्यात आले की माणूस लोकल पार्ट टाकतो आणि तिथून घसरण सुरू होते.

काही कामं आम्ही मुद्दाम केली नाहीत. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून ऑइलचा हलका ओलावा येतो, थेंब पडत नाही, लक्ष ठेवलंय. छतावरचा लॅकर उडालाय, पेंटचे पंधरा हजार सांगितले, नाही केलं. मागची डावी काच हळू वर जाते, जाऊ दे. ब्रेक, स्टेअरिंग, टायर आणि कूलिंग यात उद्यावर ढकलायचं नाही, बाकी सगळ्याला थांबता येतं.

कागदांचं थोडक्यात. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, आधी कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, एजंट करतो म्हणाला तरी आरसी तुमच्या नावावर येईपर्यंत मागे लागा. जुनी चलानं आधी भरायला लावा. १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विम्याचा हप्ता २०२५ मध्ये ३,४१६ अधिक जीएसटी होता. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणून एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाट्या लावाव्या लागल्या, त्या ७४५ अधिक जीएसटी. आणि खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, म्हणजे हिचं एप्रिल २०२७ ला संपतंय. तेव्हा फिटनेस तपासणी, फी (२०२५ मध्ये ५,००० रुपये होती), वर पर्यावरण कर, मग पुढची पाच वर्षं. जुनी गाडी घेताना हे उरलेले महिने मोजा, एजंट स्वतःहून सांगत नाही.

मागच्या महिन्यात त्याच रस्त्याने परत गेलो, यावेळी मी पुढच्या सीटवर, स्कॅनर लावलेला, मामा-मामी मागे. मामा म्हणाला, "अरे तू रस्ता बघ, मोबाईल काय बघतोस." खंबाटकीच्या पायथ्याला ८९ होतं. चढावर कंटेनरच्या मागे लागलो तेव्हा ९४, मग ९७, मग फॅन लागल्याचा घुर्र आवाज आला आणि आकडा ९२ वर उतरला. भावाने माझ्याकडे बघितलं, मी बोटाने आकडा दाखवला, एसी चालूच होता. सिटीत ॲव्हरेज आता साडेअकरा देतेय.

वहीच्या पुढच्या पानावर नोव्हेंबर २०२५ साठी लिहिलंय, ब्रेक फ्लुइडला दोन वर्षं होतायत, बदलणे. टाकीपासून इंजिनपर्यंतचे पेट्रोलचे रबरी पाईप बघणे, कारण पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि २०१२ ची गाडी त्या हिशेबाने बनलेली नाही. मागचे ब्रेक शू. आणि मे २०२६, कूलंट.